किंग्स्टन : राखेच्या डोंगराखालचं गाव

अमेरिकेच्या टेनेसी राज्यात एमरी आणि क्लिंच नद्यांच्या संगमाजवळ किंग्स्टनचं औष्णिक वीजकेंद्र आहे. धुरांडी दोन, प्रत्येकी हजार फुटांची. १९५५ मध्ये ते पूर्ण झालं तेव्हा कोळशावरचं जगातलं सर्वांत मोठं वीजकेंद्र होतं. जवळच्या ओक रिजच्या अणुकारखान्यांना वीज पुरवणं हे तेव्हा त्याचं मोठं काम होतं. १८०७ मध्ये किंग्स्टन एका दिवसापुरतं राज्याची राजधानीही होतं. आता मात्र गावाचं नाव निघतं ते राखेमुळे.

कोळशाची राख पाण्यात कालवून नळांनी तळ्यात सोडायची, ती खाली बसली की वरचं निवळ पाणी काढून घ्यायचं. तळं भरत आलं की बांध चढवायचा, आणि तोही थोडा आत सरकवून, आधीच्या ओल्या राखेवरच. थर चढत ८४ एकरांचा ढीग साठ फुटांवर गेला. २००३ आणि २००६ मध्ये उतारातून पाणी पाझरलं. तात्पुरती डागडुजी झाली आणि पुन्हा भर पडू लागली. २२ डिसेंबर २००८ च्या मध्यरात्रीनंतर बांध खचला. सुमारे ४१ लाख घनमीटर राखेचा चिखल तीनशे एकरांवर पसरला, तीन घरं राहण्याजोगी उरली नाहीत. त्या रात्री जीव कुणाचाही गेला नाही. अगदी तळाशी दडलेला बारीक, निसरड्या राखेचा थर वरचं ओझं पेलू शकला नाही, असं तपासात निघालं.

वीजकेंद्राची मालक टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी. डझनावारी धरणं सांभाळणारी ही संस्था. धरणसुरक्षेचा तिचा स्वतःचा कार्यक्रम होता. पण राखेचे बांध त्यात धरलेच नव्हते! कागदोपत्री तो कचऱ्याचा ढीग होता, आणि ढिगाला धरणासारखं कोण तपासणार?

२००९ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने देशभरच्या राखतळ्यांची माहिती मागवली आणि धोक्याच्या वर्गवारीची चर्चा सुरू झाली. ‘उच्च धोका’ म्हणजे बांध मोडकळीला आला, असा समज सहज होतो. तसं नाही. तो फुटला तर खालच्या माणसांचे जीव जाण्याची शक्यता आहे, एवढंच त्यातून कळतं. जीवितहानी संभवत नाही पण नदीचं, मालमत्तेचं मोठं नुकसान होईल, तो मधला वर्ग. बांधाची प्रकृती वेगळी तपासतात. त्यामुळे ठणठणीत बांधही ‘उच्च’ असू शकतो आणि माळरानावरचा पोकळ बांध ‘कमी’. उद्या खाली वस्ती झाली तर एक टोपलीही माती न हलता वर्ग बदलतो. म्हणूनच २०१५ च्या नियमांनी दर पाच वर्षांनी फेरतपासणी बंधनकारक केली. आपल्याकडेही जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राख बंधारा फुटून शेतांत आणि नदीत राख गेली. खाली कोण राहतं, हा प्रश्न तिथेही तितकाच लागू होता.

किंग्स्टनची सफाई २०१५ पर्यंत चालली. खर्च एकशेवीस कोटी डॉलरच्या आसपास. बरीचशी राख रेल्वेने अलाबामातल्या पेरी कौंटीत, गरीब आणि बहुसंख्य कृष्णवर्णीय वस्तीच्या भागात, नेऊन टाकली. ती उपसणाऱ्या कामगारांपैकी अनेकांना पुढे आजार जडले, काही दगावले. राखेनेच हे झालं, असा त्यांचा दावा. सफाईच्या कंत्राटदाराने सुरक्षेची काळजी घेतली नाही, असा कौल ज्युरीने २०१८ मध्ये दिला आणि २०२३ मध्ये तडजोड झाली. बांध फुटल्यावर कुणाचा जीव जाईल, हे मोजणाऱ्या वर्गवारीत या कामगारांना रकानाच नाही.