कोंबड्यांचे खुराडे व आवार
घरगुती प्रमाणावर पाळलेल्या कोंबड्यांना रात्री बसण्यासाठी व अंडी घालण्यासाठी बांधलेल्या बंदिस्त निवाऱ्यास खुराडे आणि त्याला जोडून कुंपणाने वेढलेल्या, दिवसा फिरण्याच्या मोकळ्या जागेस आवार म्हणतात. पाच ते पंचवीस पक्ष्यांच्या लहान कळपात खाद्य व जात यांच्याइतकेच जागेच्या प्रमाणावरही उत्पादन आणि आरोग्य अवलंबून असते.

पारंपरिक पद्धत : महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात कोंबड्या दिवसभर मोकळ्या सोडून रात्री वेताच्या वा बांबूच्या डालग्याखाली झाकून ठेवण्याची अथवा मातीच्या लहान खुराड्यात कोंडण्याची रीत आहे. ‘कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही’ ही म्हण याच रीतीवरून आली आहे. अशा व्यवस्थेत निवारा केवळ झोपेपुरता असल्याने दर पक्ष्यास सु. ०·१ चौ. मी. जागा पुरते. मात्र पक्ष्यांना दिवसाही कोंडून ठेवावे लागले की हे प्रमाण लागू पडत नाही. लहान कळपातील बहुतेक अडचणींचे मूळ या फरकाकडे झालेल्या दुर्लक्षात असते.

नागरा परिसरातील परिस्थिती : प्राचीन शिवमंदिरासाठी प्रसिद्ध असलेले नागरा हे गाव गोंदिया शहराजवळ, धानाच्या पट्ट्यात वसलेले आहे. येथील वार्षिक पर्जन्यमान १,२०० मिमी.हून अधिक असून त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. मे महिन्यात कमाल तापमान ४५° से.च्या आसपास जाते. घरामागील सांदवाडीत कोंबड्या सहज फिरू शकतात. परंतु पऱ्हे टाकल्यावर व धान पिकल्यावर त्या शेजाऱ्याच्या बांधीत शिरून नुकसान करतात, तर पिकावर कीटकनाशक फवारल्यावर त्यांच्याच जिवाला धोका असतो. पावसाची झड लागल्यास त्या आपण होऊनच बाहेर पडत नाहीत. म्हणून खुराड्याचे माप नेहमीच्या दिवसावरून न ठरविता वर्षातील सर्वांत अडचणीचा दिवस गृहीत धरून ठरवावे लागते.

जागेची गरज : पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज लाल रानकोंबडा (गॅलस गॅलस) हा आहे. जमीन उकरून खाद्य शोधणे, धुळीत लोळणे, आडोशाला अंडी घालणे व रात्री उंच फांदीवर बसणे या त्याच्या सवयी पाळीव पक्ष्यातही टिकून आहेत. नॉर्वेजियन प्राणिशास्त्रज्ञ टोरलेफ शेल्डेरुप-एब्बे यांनी १९२२ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे कोंबड्यांच्या कळपात चोच मारण्यावरून ठरणारी श्रेष्ठ-कनिष्ठतेची उतरंड असते. जागा पुरेशी असल्यास दुबळा पक्षी बाजूला होऊन बचावतो. दाटीत त्याला पळण्यास वाव नसतो. त्यामुळे पिसे उपटणे, जखमा करणे व अंडी फोडणे या खोडी वाढतात. शिवाय विष्ठेने जमीन ओली राहून अमोनियाची उग्र घाण सुटते, डोळे व श्वसनमार्ग चुरचुरतात आणि रक्ती हगवणीच्या रोगजंतूंना पोषक परिस्थिती निर्माण होते. मानमोडीसारखा सांसर्गिक रोगही दाटीत झपाट्याने पसरतो.

जागेचे प्रमाण : गादी पद्धतीने पूर्ण बंदिस्त ठेवलेल्या व्यापारी कळपात दर पक्ष्यास सर्वसाधारणपणे ०·२ ते ०·२५ चौ. मी. जागा देतात. तेथे पक्षी एकाच वयाचे व जातीचे असतात. घरगुती कळपात कोंबडा, तलंगा व जुन्या कोंबड्या एकत्र असल्याने खुराड्यात दर पक्ष्यास ०·३ ते ०·३७ चौ. मी. आणि आवारात किमान १ चौ. मी. जागा ठेवणे इष्ट असते. गिरिराज, वनराज यांसारख्या वजनदार जातींना यातील वरचे प्रमाण लावावे. तुलनेसाठी, यूरोपीय संघाच्या नियमांनुसार मुक्त पद्धतीच्या कोंबडीस बाहेर ४ चौ. मी. जागा आवश्यक ठरविली आहे. १ चौ. मी. आवारात गवत टिकत नाही. ते टिकवायचे असल्यास आवाराचे दोन भाग करून ते आलटून-पालटून वापरतात.

बसण्याच्या दांड्यावर दर पक्ष्यास २० ते २५ सेंमी. लांबी लागते. अंडी घालण्यासाठी ३० सेंमी. लांब-रुंद व सु. ३५ सेंमी. उंच असे एक खोके चार ते पाच कोंबड्यांना पुरते. दांडे खोक्यांपेक्षा उंच ठेवतात. अन्यथा पक्षी रात्री खोक्यातच बसून ते घाण करतात. खाद्याच्या भांड्याची कड दर पक्ष्यास सु. १० सेंमी. मिळावी.

उदाहरण : दहा कोंबड्या व एक कोंबडा यांच्या कळपासाठी २·५ मी. × १·६ मी. म्हणजे ४ चौ. मी.चे खुराडे आणि ५ मी. × २·४ मी. म्हणजे १२ चौ. मी.चे आवार योग्य ठरते. त्यात दोन दांडे, तीन खोकी व दोन्ही बाजूंनी खाता येईल असे ६० सेंमी. लांबीचे खाद्याचे भांडे बसते. अकरा पक्ष्यांना रोज सु. ३ लि. पाणी लागते; उन्हाळ्यात ही गरज जवळजवळ दुप्पट होते.

हा हिशेब प्रौढ पक्ष्यांचा आहे. एखादी कोंबडी रवणावर बसली, तर २१ दिवसांनी कळपात आठ-दहा पिलांची भर पडते व त्यांतील साधारण निम्मे नर असतात. नर विकेपर्यंत किंवा खाण्यासाठी काढेपर्यंत कळप जवळजवळ दुप्पट असतो. म्हणून पिलांसाठी सुरुवातीलाच वेगळा कप्पा योजावा किंवा प्रौढ पक्ष्यांची संख्या तेवढी कमी ठेवावी. बांधकाम वाढविण्यापेक्षा संख्या आवरणे बहुधा स्वस्त पडते.

बांधणी : खुराड्याची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवल्यास ऊन आत कमी येते. जोते जमिनीपासून ३० ते ६० सेंमी. उंच घेतात, म्हणजे पावसाचे पाणी शिरत नाही. कोंबडीला घर्मग्रंथी नसल्याने ती धापा टाकून शरीर थंड ठेवते. त्यामुळे लांब भिंतींच्या वरच्या भागात जाळी लावून वारा खेळता ठेवणे आवश्यक असते. छपरास कवेलू उत्तम. पत्रा असल्यास उन्हाळ्यात त्यावर धानाच्या तणसाचा थर देतात. आवाराच्या निम्म्या भागावर झाडाची वा मांडवाची सावली असावी. जमिनीवर १५ सेंमी. जाडीची गादी घालण्यास गोंदिया परिसरातील भातगिरण्यांतून मिळणारे धानाचे तूस सोयीचे असते; ४ चौ. मी.साठी ते ०·६ घ. मी. लागते. गादी वेळोवेळी हलवून कोरडी ठेवतात व पुढे तिचे चांगले खत होते. मुंगूस, रानमांजर, घूस व साप यांपासून संरक्षणासाठी १·२५ सेंमी. छिद्रांची जाळी वापरून ती जमिनीत सु. ३० सेंमी. पुरतात.

गोंदिया जिल्हा तलावांचा असून हिवाळ्यात तेथे स्थलांतरित पाणपक्षी येतात. भारतातील बर्ड फ्ल्यूचा पहिला उद्रेक २००६ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रातच, नवापूर (नंदुरबार जिल्हा) येथे आढळला. असा प्रादुर्भाव असताना कोंबड्यांचा रानपक्ष्यांशी संपर्क टाळावा लागतो. त्यांना तलावाचे पाणी पाजू नये व खाद्य उघड्यावर ठेवू नये. वरून जाळी व छप्पर असलेले ऐसपैस आवार असल्यास कळप अनेक आठवडे कोंडून ठेवता येतो. केवळ झोपेपुरते खुराडे असलेल्या कुटुंबापुढे मात्र पक्षी मोकळे सोडणे किंवा दाटीत ठेवणे एवढेच पर्याय उरतात आणि दोन्हींत कळप गमावण्याचा धोका असतो.