गोल्डफिशच्या टाकीतले शेवाळ

दिवाळीच्या सफाईत घरातला फिश टँक धुतला जातो, तो पितळेची भांडी घासावीत तसा. मासे बादलीत, खडे नळाखाली, काच साबणाने, फिल्टरचा स्पंज पिळून पिळून पांढरा. टाकी लखलखीत दिसते. तीन-चार दिवसांनी मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात, एखादा तळाशी बसून राहतो आणि मग जातो. घरचे म्हणतात, नवीन पाणी मानवले नाही. शेवाळाने मासा सहसा मरत नाही. ते काढण्याच्या या पद्धतीने मरतो. आपल्या इंदूरच्या बऱ्याच घरांत नातवंडांच्या हट्टाने गोल्डफिश आले आहेत, म्हणून हे जरा सविस्तर लिहीत आहे.

मासा कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले अन्न कुजले की त्यातूनही अमोनियाच तयार होतो, आणि तो माशांना विषारी असतो. फिल्टरच्या स्पंजमध्ये आणि खड्यांवर वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट करतात, तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, जे माशांना बरेच सुसह्य असते. हे जिवाणू नव्या टाकीत नीट रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. स्पंज नळाच्या क्लोरिनयुक्त पाण्यात धुतला की ते मरतात, आणि अमोनिया साचू लागतो. दिवाळीनंतर मासे जातात ते या कारणाने.

शेवटी उरलेले नायट्रेट आणि अन्नातून आलेले फॉस्फेट हेच शेवाळाचे खत. त्याला प्रकाश मिळाला की काच हिरवी होणारच. गोल्डफिश या बाबतीत खास, कारण त्याला जठर नसते. खाल्लेले अन्न सरळ आतड्यात जाते, म्हणून तो सारखा खातो आणि सारखी घाण करतो. समोर कोणी आले की काचेशी येऊन नाचतो आणि आपल्याला वाटते, बिचारा उपाशी आहे. तो उपाशी नसतो. दिवसातून एकदा किंवा दोनदा, दोन मिनिटांत संपेल इतकेच दाणे पुरेत. उरलेले जाळीने काढून टाकावे.

टाकीचा आकारही महत्त्वाचा. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत काठोकाठ भरली तरी जेमतेम 56 लिटर पाणी मावते. दुकानदार त्यात आठ-दहा मासे सुचवतो. फुगीर जातीचा एकच गोल्डफिश पंधरा सेंटिमीटरच्या पुढे वाढू शकतो आणि नीट सांभाळला तर दहा वर्षे जगतो. अशा टाकीत एक, फार तर दोन. काचेच्या गोल भांड्याबद्दल न बोललेले बरे.

आता माळव्यातल्या उन्हाळ्याची गोष्ट. एप्रिल-मे महिन्यांत टाकीतले पाणी भराभर उडते. आपण वरून दोन तांबे ओतून पातळी पूर्ववत करतो आणि पाणी बदलले असे समजतो. उडते ते शुद्ध पाणी. नायट्रेट आणि क्षार टाकीतच राहतात, वर नव्या पाण्यातले क्षार येऊन मिळतात. मुद्दल फिटत नाही, व्याज मात्र चढत जाते. पाणी खरोखर बाहेर काढावे लागते: दर आठवड्याला पाव ते एक तृतीयांश, साध्या नळीने, तळाशी खड्यांमधला मळ ओढून घेत. पाणी एक दिवसाआड येत असेल तर दोन बादल्या भरून 24 तास उघड्या ठेवाव्यात, म्हणजे क्लोरिन बराचसा उडून जातो. घाई असेल तर क्लोरिन घालवण्याचे थेंब मिळतात. फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या त्याच पाण्यात हलकेच खळबळावा, आणि शक्यतो पाणी बदलण्याच्या दिवशी नको. काढलेले पाणी कुंड्यांना घालावे, तुळस खूश होते.

प्रकाशाचा उपाय सर्वांत स्वस्त आहे. टाकी खिडकीसमोर ठेवू नये आणि दिवा दिवसाला सहा ते आठ तासच लावावा. शोभेसाठी रात्री अकरापर्यंत दिवा चालू ठेवणारी घरे बरीच आहेत. दहा-बारा रुपयांच्या भांड्याला शंभराची कल्हई, तसा हा प्रकार. एक साधा टायमर बसवला की प्रश्न मिटतो.

नव्या टाकीत पहिल्या काही आठवड्यांत तपकिरी भुकटीसारखा थर येतो, तो पुसावा आणि विसरावा. बहुधा आपोआप थांबतो. काचेवरचे हिरवे ठिपके मुदत संपलेल्या एटीएम कार्डाने छान खरवडता येतात (आमच्यासारख्यांकडे त्यांचा तोटा नाही). निळसर हिरवी, बुळबुळीत, वास येणारी साय खरे तर शेवाळ नसून जिवाणू असतात; ती हाताने गोळा करून काढावी आणि खाणे कमी करावे. पाठीमागच्या काचेवर थोडे हिरवे राहिले तर राहू द्यावे, मासे ते चरतात.

सगळे पाणीच पालकाच्या सारासारखे हिरवे झाले तर मात्र पाणी बदलून भागत नाही, चार दिवसांत पुन्हा तेच होते. अशा वेळी दिवा बंद करून टाकी जाड चादरीने तीन-चार दिवस पूर्ण झाकावी. हवेचा पंप रात्रंदिवस चालू हवा, कारण अंधारात शेवाळ प्राणवायू तयार करत नाही, उलट वापरते. या दिवसांत खाणे जवळजवळ बंद ठेवावे. चादर काढल्यावर एक तृतीयांश पाणी बदलावे, नाहीतर मेलेले शेवाळ कुजून अमोनिया वाढतो.

शेवाळ मारण्याच्या औषधांच्या वाटेला जाऊ नये. काहींत तांबे असते आणि मात्रा चुकली तर मासेही जातात. ‘काच साफ करणारा’ म्हणून मिळणारा सकर मासाही घेऊ नये. तो फुटाहून मोठा होतो, स्वतःही भरपूर घाण करतो आणि कधी कधी गोल्डफिशच्या अंगावरचा चिकट थर चाटून त्याला जखमी करतो. आणलाच असेल तर तो सिरपूर तलावात किंवा कान्ह नदीत सोडू नका. देशातल्या कित्येक जलाशयांत हा परदेशी मासा असाच पोचला आणि आता मासेमारांची जाळी फाडतो आहे. दुकानदाराला परत द्यावा.

त्यापेक्षा मनी प्लांटची एक वेल टाकीच्या काठावर अशी अडकवावी की मुळे पाण्यात आणि पाने बाहेर राहतील. ती नायट्रेट शोषते आणि पाने बाहेर असल्यामुळे माशांच्या तोंडी लागत नाहीत.

लग्नकार्यासाठी चार-आठ दिवस गावाला जाताना शेजाऱ्यांकडे खाण्याचा डबा सोपवू नये, ते प्रेमाने अर्धा डबा रिकामा करतात. धडधाकट मोठा गोल्डफिश आठवडाभर न खाता सहज राहतो. त्याहून जास्त दिवस असतील तर एका वेळेच्या कागदी पुड्या बांधून त्यांवर तारखा घालाव्यात, आणि डबा कपाटात कुलपाआड ठेवावा.