पहिली गिटार घेताय? पैसे नेमके कशाचे मोजताय ते बघा

पीएचडी कशात करतोस, असं कोणी विचारलं आणि मी "ध्वनिशास्त्रात, लाकडी फळ्यांच्या कंपनांवर" असं सांगितलं की दोन गोष्टी होतात. एक तर समोरचा विषय बदलतो, नाहीतर विचारतो, "मग आमच्या पोरासाठी कुठली गिटार घेऊ?" गेल्या दिवाळीत सांगलीच्या ताईनं भाचीसाठी हेच विचारलं. बजेट दहा हजार, त्यावर एक रुपया नाही. तिला फोनवर जे तुटक तुटक सांगितलं, ते इथे नीट लिहितोय.

आधी एक कबुली. अकरावीत असताना साताऱ्यात मीही एक स्वस्तातली गिटार घेतली होती. दोन महिन्यांत बोटं सोलवटली, एफ कॉर्ड काही केल्या वाजेना, आणि जे वाजायचं ते बेसूर. "आपल्याला हे जमणार नाही" असा निकाल मी स्वतःच लावला आणि गिटार माळ्यावर गेली. पुढे एमएस्सीला असताना ती सहज खाली काढून पट्टीनं मोजली. बाराव्या फ्रेटवर तारा ५ मिलिमीटर उंच होत्या. त्या उंचीवर भल्याभल्यांची बोटं सोलवटतील. दोष माझ्या बोटांत नव्हता, कानात तर नव्हताच. पण हे कळायला सहा वर्षं गेली, तोवर शिकायचं वय आणि उत्साह दोन्ही सरले होते.

तर आधी गिटारीचा आवाज येतो कुठून ते बघू. मोबाईल व्हायब्रेटवर टाकून उशीवर ठेवा, मग स्टीलच्या डब्याच्या झाकणावर ठेवा. मोटर तीच, पण डब्यावर घर दणाणतं. गिटारीची तार म्हणजे ती मोटर. तार इतकी बारीक की ती एकटी हवेला फारसं ढकलूच शकत नाही. ती ब्रिजला हलवते, ब्रिज वरच्या फळीला हलवतो आणि फळी हवेला. भोकातून आत-बाहेर करणारी पोकळीतली हवा खालच्या स्वरांना हात देते. साधारण १०० हर्ट्झच्या आसपास ही हवा घुमते आणि २०० च्या आसपास वरची फळी. सगळ्यात जाड तार सुटी वाजवली तर तिचा स्वर ८२ हर्ट्झचा असतो, यावरून अंदाज येईल.

म्हणजे आवाजाचा मुख्य धनी वरची फळी, ज्याला दुकानदार 'टॉप' म्हणतात. ती हलकी हवी आणि तरीही ताठ हवी, कारण सहा स्टीलच्या तारांचा मिळून ७० किलोच्या आसपास ताण तिला सोसायचा असतो. स्प्रूस या सूचिपर्णी झाडाचं लाकूड इथे वापरतात, कारण रेषांच्या दिशेनं ते वजनाच्या मानानं फार ताठ असतं. आडव्या दिशेनं मात्र ते कितीतरी पटींनी लवचीक. स्वस्त गिटारीत फळी एकसंध नसते, पातळ थर चिकटवलेली असते, म्हणजे प्लाय. मधला थर आडवा असल्यामुळे उभ्या दिशेचा ताठपणा कमी होतो. तो भरून काढायला कारखाना फळी जाड ठेवतो, मग ती जड होते आणि आवाज थोडा दबतो. जाडी हे फार नाजूक प्रकरण आहे. ताठपणा जाडीच्या घनावर अवलंबून असतो, त्यामुळे जाडी फक्त १० टक्के कमी केली तरी ताठपणा २७ टक्क्यांनी घसरतो. चांगले कारागीर फळी तासताना वारंवार टिचकी मारून ऐकतात ते याचसाठी.

आणि मागची फळी? जाहिराती तर तिच्यावरच चालतात. 'रोझवुड बॅक' म्हटलं की किंमत चढते. गंमत म्हणजे ज्याला ते इंडियन रोझवुड म्हणतात तो आपला शिसव, सह्याद्रीतला. आजीचा शिसवी देव्हारा ज्या लाकडाचा, तेच. या लाकडाचा आवाजावर परिणाम किती, हे इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासलं आणि २०१८ साली प्रसिद्ध केलं. रॉजर बकनॉल या कारागिरानं सहा गिटारी बनवल्या. आराखडा एकच, वरची फळी सगळ्यांना स्प्रूसचीच, फक्त मागचं आणि बाजूचं लाकूड वेगळं. त्यात दुर्मीळ ब्राझिलियन रोझवुडही होतं आणि स्वस्तातलं सपेलीही. ५२ वादकांना अंधुक खोलीत, डोळ्यांवर वेल्डरचे गॉगल घालून त्या वाजवायला दिल्या. महाग लाकूड चांगलं वाजतं असं काही त्यांच्या गुणांवरून दिसलं नाही. सहाही गिटारींचे गुण जवळपास सारखेच आले. स्पेनच्या तोरेस या कारागिरानं तर १८६२ मध्येच एका गिटारीची पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या केल्या होत्या, टॉप मात्र उत्तम स्प्रूसचा. ती आजही बार्सिलोनाच्या संग्रहालयात आहे.

तेव्हा दहा हजारांत 'रोझवुड' लिहिलेलं बघून भुलू नका. त्या किमतीत बहुतेक वेळा प्लायवर शिसवीचा पातळ पापुद्रा असतो, आणि तोही दिसण्यापुरता.

मग टॉप तरी एकसंध घ्यावा का? यामाहाच्या एफ३१०चा टॉप प्लायचा, एफजी८००चा एकसंध. कान देऊन ऐकलं तर दुसरी जास्त मोकळी वाजते, यात वाद नाही. पण ती ताईच्या बजेटच्या बरीच वर आहे. शिवाय दुसरी एक अडचण आहे, आपली हवा. साताऱ्यात जुलैत कपडे चार दिवस वाळत नाहीत आणि सांगलीत एप्रिलमध्ये ओठ फुटतात. लाकूड ओलाव्यानं फुगतं, कोरड्या हवेत आकसतं, आणि आडव्या दिशेनंच जास्त. एकसंध फळी याला पटकन बळी पडते, तडेही जातात. प्लायचे उभे-आडवे थर एकमेकांना धरून ठेवतात. नवशिक्याची गिटार कपाटावर पडून राहणार हे गृहीत धरलं, तर माझं मत प्लायच्या बाजूनं आहे. गिटारवाले मित्र यावरून माझ्याशी भांडतात, भांडू देत.

ऑनलाइन तीन हजारांच्या आसपास मिळणाऱ्या ३८ इंची गिटारींबद्दलही विचारतात. आवाजापेक्षा मला त्यांच्या खुंट्यांची आणि फ्रेटची काळजी वाटते. एखादी चांगली निघते, एखादी सुरात राहतच नाही. आठ-दहा हजारांत जे विकत घेता ते मुख्यतः हे, की फ्रेट मोजून बसवलेले असतात आणि खुंट्या घसरत नाहीत.

आता माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट, जी डब्यावर कुठेच लिहिलेली नसते: तारांची उंची. दुकानात शाळेची पट्टी घेऊन जा. बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. जाड तारेला अडीच-पावणेतीन आणि बारीक तारेला दोन मिलिमीटरच्या आसपास असेल तर उत्तम. चारच्या पुढे असेल तर नीट करून मागा, नाहीतर दुसरी बघा. उंच तार नुसती बोटाला त्रास देत नाही. दाबून खाली आणताना ती ताणलीही जाते, म्हणून स्वर चढतो. मूल बरोबर जागी बोट ठेवतं, तरी बेसूर वाजतं, आणि त्याला वाटतं आपलाच कान कच्चा.

ताईनं घेतलेली गिटार मोजली तर ३.८ निघाली. दुकान लांब, म्हणून आम्ही सरळ मिरज गाठली. मिरजेत फरीदसाहेबांच्या काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकापासून, सतारी आणि तंबोरे बनतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. गिटार हा त्यांचा माल नाही, पण तार घोडीवर कशी टेकावी हे ज्ञान त्यांच्याइतकं कोणाकडे असेल?

एका कारखान्यातल्या चाचांनी गिटार उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "हे आमच्या जवारीचंच काम, फक्त उलटं." मला हे वाक्य माझ्या प्रबंधात घालावंसं वाटतंय. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि किंचित गोलसर असते. तार तिच्या पाठीवर घासत थरथरते आणि खाली सुताचा धागा सरकवून ती घासण्याची जागा नेमकी साधली की वरचे स्वर फुलतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये नेमकं हेच टिपलं होतं. जिथे तार छेडाल, तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू असतो तो उपस्वर साध्या तारेत उमटू नये, असा नियम आहे. तंबोऱ्यात तोही स्पष्ट ऐकू येतो, कारण घोडी तारेला दर फेरीला नव्यानं छेडते. गिटारीत हे नको असतं. तिथे तार हाडाच्या धारेवरून स्वच्छ सुटली पाहिजे, घासली की ती भणभणते.

गणित सोपं आहे. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर, म्हणून तिथे १ मिलिमीटर उतरवायचा तर ब्रिजवरची पट्टी २ मिलिमीटर घासावी लागते. मी कागदावर हे मांडून दाखवलं. चाचांनी मान डोलावली आणि एकदम दोन मिलिमीटर न घासता चार वेळा थोडं थोडं घासलं, दरवेळी तारा चढवून ऐकलं. "जास्त गेलं तर नवं हाड बसवावं लागेल, दादा." पट्टीचा तळ सपाट राहावा म्हणून पॉलिश पेपर काचेवर ठेवला होता. घरी करणार असाल तर एवढं मात्र पाळा, आणि वरच्या बाजूला हात लावू नका.

परत येताना भाचीनं बसमध्येच एफ कॉर्ड लावून बघितली. सहापैकी पाच तारा वाजल्या. सध्या बाराव्या फ्रेटवर २.८ आहे. जुलैत लाकूड फुगलं की पुन्हा मोजायचं ठरलंय.