कॉफीची वेचणी व वेचणारीचा हक्क

परभणी जिल्ह्यातील काळ्या जमिनीत कॉफी पिकेल काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात आल्यास त्याचे उत्तर प्रथम देणे बरे. अरेबिका जातीची उत्तम कॉफी डोंगरउतार, सावली, भरपूर पाऊस व थंड हवा मागते. महाराष्ट्रात अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा येथे, सुमारे ११०० मीटर उंचीवर, तिची झाडे इंग्रजी अमदानीपासून आहेत. परभणीस मे महिन्यात पारा ४० अंशांवर जातो. सबब येथे हे पीक घेण्याचा सल्ला आम्ही देत नाही. परंतु या पिकास चढा दर कशाने मिळतो, हे आमच्या शेतकरी बंधूंनी अवश्य समजून घ्यावे.

व्यापारात ज्या कॉफीस 'स्पेशालिटी' म्हणतात, ती जाणत्या परीक्षकांनी चाखून १०० पैकी किमान ८० गुण दिलेली असते. हे गुण मुख्यतः शेतातच कमवावे लागतात. एका फांदीवरील फळे एकदम पिकत नाहीत. कच्ची मिसळली तर पेयास तुरटपणा येतो. अति पिकलेली मिसळली तर आंबूस वास येतो. म्हणून लाल झालेली फळे तेवढी खुडून त्याच झाडाकडे पुन्हा पुन्हा जावे लागते. पुढे बी वाळवून त्यातील सदोष दाणे हातांनी निवडतात. ही खुडणी व निवड पुष्कळ ठिकाणी स्त्रियाच करितात.

आता मजुरी केवळ वजनावर दिली, तर फांदी ओरबाडणे हेच मजुरास किफायतशीर ठरते. मालाचा गुण हवा असेल, तर गुण राखणाऱ्या हातास त्याचा मोबदला पोहोचला पाहिजे. पेरू देशाच्या उत्तर भागातील चारशेंहून अधिक शेतकरी स्त्रियांनी २००३ साली आपली कॉफी पुरुषांच्या मालापासून वेगळी काढली व ती 'कॅफे फेमेनिनो' या नावाने विकली जाऊ लागली. मालाचा पैसा स्त्रीच्या हाती पडावा व जमिनीवर तिचा हक्क असावा, हा त्यामागील हेतू होय.

हाच न्याय आमच्या कापसास लागू आहे. सेलू, मानवतच्या बाजारात जाणारा कापूस बहुतांशी बायकाच वेचतात. दव सुकण्यापूर्वी वेचलेला कापूस ओला राहतो. पाला व कवडी मिसळली की प्रत उतरते. सीसीआयच्या खरेदीत ८ टक्क्यांहून अधिक ओलाव्यास दर घटतो आणि १२ टक्क्यांपुढे माल नाकारला जातो. तरीही वेचणीची मजुरी किलोवर देऊन स्वच्छतेची अपेक्षा करणे, हा विसंगत व्यवहार होय.

यास्तव आमची सूचना अशी: पहिल्या वेचणीचा स्वच्छ कापूस निराळा ठेवावा, कवडी निराळी वेचावी, आणि स्वच्छ वेचणीस किलोमागे जादा मजुरी द्यावी. घरच्या स्त्रिया वेचीत असतील, तर त्या कापसाचा हिशेब त्यांच्या हाती द्यावा. जमिनीचा प्रश्न याहून मोठा आहे. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवून पत्नीच्या नावे जमीन करून देण्याचे आवाहन केले. १९९४ साली महाराष्ट्राने वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीस वडिलार्जित मालमत्तेत मुलाबरोबरीचा हक्क दिला. कायदा झाला, सातबाऱ्यावर नाव चढविणे मात्र घरच्या कर्त्याच्या हाती आहे. जिच्या बोटांवर मालाची प्रत अवलंबून, तिचे नाव उताऱ्यावर नसावे, हे शेतीच्या हिशेबातही परवडणारे नाही.