हद्दीपलीकडचा तपास

अलिबागहून पनवेलकडे निघालं की वडखळ, पेण मागे पडतं, कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो, मग शिरढोण लागतं आणि लगेच पळस्पे. वासुदेव बळवंत फडक्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार. फडक्यांचा जन्म शिरढोणचा, १८४५ सालचा. आणि मे १८७९ मध्ये त्यांचे साथीदार दौलतराव नाईक यांनी दरोडे घातले ते पळस्पे आणि चिखलीत. त्या वेळी पनवेल तालुका ठाणे जिल्ह्यात होता. १८८३ मध्ये तो कुलाब्यात आला, म्हणजे अलिबागच्या कारभाराखाली. संपादकांना जिल्ह्यातल्या एखाद्या जुन्या सरकारी दप्तराविषयी लेख हवा होता. मी फडक्यांच्या बंडाच्या तपासाचं दप्तर निवडलं. त्यातला बराच भाग मुंबई सरकारने १९५७ साली स्वातंत्र्यचळवळीच्या साधनग्रंथाच्या पहिल्या खंडात छापला आहे.

बंडाची हकिगत बहुतेकांना ठाऊक असते. पुण्यात लष्करी हिशेबखात्यात कारकुनी करणारा माणूस १८७६-७७ च्या दुष्काळात गावोगाव फिरतो, पाहिलेलं सहन होत नाही म्हणून रामोशी जमवतो आणि फेब्रुवारी १८७९ मध्ये शिरूर तालुक्यातल्या धामारीवर पहिला दरोडा घालतो. मला ओढ लागली ती त्याच्या मागावर निघालेल्या यंत्रणेची.

या यंत्रणेची खरी अडचण हद्दीची होती. फडक्यांच्या मागावर असलेले मेजर डॅनियल मुंबई इलाख्याचे. फडके गेले ते निजामाच्या राज्यातून पार श्रीशैल मल्लिकार्जुनाला, म्हणजे मद्रास इलाख्यातल्या कर्नूल जिल्ह्यात. तिथून परत आले ते पुन्हा निजामाच्या मुलुखात, दत्ताच्या गाणगापुरी. तिथे रोहिल्यांचा म्होरक्या इस्माईल खान याच्याशी पाचशे माणसांची बोलणी सुरू झाली. निजामाच्या राज्यात पुण्याच्या अधिकाऱ्याला आपल्या हुकमावर कुणाला धरता येत नसे. हैदराबादेत ब्रिटिश रेसिडेंट होता, दिवाण सालारजंग होते. त्यांच्या मर्जीने निजामाच्या पोलिसांतले अब्दुल हक डॅनियलच्या जोडीला आले. इलाख्याचं सरकार आणि संस्थान एरवी एकमेकांशी कागदी अदबीने वागत, पण या कामात दोन्हीकडचे घोडेस्वार एकाच माणसामागे धावत होते. २० जुलै १८७९ रोजी देवर नावदगीच्या देवळात, तापाने फणफणलेल्या अवस्थेत, फडके त्यांच्या हाती लागले. हे गाव भीमेकाठचं, तेव्हाच्या कलादगी जिल्ह्यातलं. निजामाची हद्द इथून हाकेच्या अंतरावर होती.

त्यांच्याजवळ सापडलेली रोजनिशी आणि आत्मवृत्त हाच सरकार पक्षाचा मोठा पुरावा ठरला. मी त्या पानांशीच सर्वांत जास्त वेळ थांबलो. लहान लहान टोळ्या एकाच वेळी चहूकडे पाठवायच्या, टपाल अडवायचं, रेल्वे आणि तारायंत्र तोडायचं, म्हणजे इकडची खबर तिकडे पोहोचणार नाही; मग तुरुंग फोडून लांबच्या शिक्षेचे कैदी आपल्याकडे घ्यायचे. सरकारची नस नेमकी कुठे आहे हे या कारकुनाने कार्यालयात बसून ओळखलं होतं. पुढे तेच पान हताश होतं. माणसांचं लक्ष लुटीवर आहे, त्यांच्या मनात देशाचं काम नाही, असं ते लिहितात. रोहिल्यांकडे ते वळले ते या निराशेतून.

साहेबांना मात्र हे पटणारं नव्हतं. बंडामागे कुणीतरी मोठं असलंच पाहिजे, हा त्यांचा ग्रह. १३ मे १८७९ ला पुण्यात बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा पेटले, तेव्हा संशय लगेच बंडाकडे गेला. आग लावणारा पुढे निराळाच निघाला. गव्हर्नर रिचर्ड टेंपल यांनी त्याच साली व्हाइसरॉय लिटनना पत्र लिहून चित्पावनांवर अविश्वास व्यक्त केला. सरहद्दीपलीकडे रोहिले, घरात ब्राह्मण, अशी दोन बोटं तयार होती. दुष्काळाकडे, सावकारीकडे आणि भुकेने खंगलेल्या खेड्यांकडे बोट दाखवणारा मजकूर तर जप्त केलेल्या वहीतच होता. तो पुरावा म्हणून वाचला गेला, कारण म्हणून नाही. याचा मला राग येतो आणि तो लपवावासा वाटत नाही.

आणखी एक काळजी आहे. या साऱ्या कागदांत बोलतात ते साहेब आणि फडके. पळस्प्याची लूट करून घाटाकडे वळलेले दौलतराव डॅनियलच्या तुकडीशी लढताना मारले गेले. त्यांनी स्वतःची वही लिहिली नव्हती. रामोशी लुटीवर का थांबले, घरी किती दिवसांचं धान्य होतं, रोहिल्यांचा पगार निजामाकडून किती दिवस थकला होता, हे प्रश्न तपासाला महत्त्वाचे वाटले नाहीत. फडक्यांनी रामोशांना दिलेला दोषही आपण याच तपासाच्या वाटेने वाचतो, तेव्हा तो जसाच्या तसा उचलू नये असं मला वाटतं.

नोव्हेंबर १८७९ मध्ये पुण्यात न्यायाधीश न्यूनहॅम यांनी जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा दिली. महादेव चिमणाजी आपट्यांनी बचाव लढवला. सार्वजनिक काकाही आधी उभे राहिले होते. अंदमानाऐवजी फडक्यांना एडनला नेलं. तिथून ऑक्टोबर १८८० मध्ये ते दार उखडून पळाले आणि काही वेळातच पुन्हा पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ ला तिथेच त्यांचा अंत झाला. शिरढोणला त्यांचं स्मारक आहे. तिथून पळस्पे जवळच आहे, पण दौलतरावांच्या माणसांची, त्यांच्या गावांची आणि घरांची नोंद कुणीतरी अजून नीट करायला हवी.