तांब्याच्या पत्र्यावरचं कुसळ

कमरेपर्यंत उघडी बाई तस्तावर वाकून तोंड धुते आहे. आरशातही तिचा चेहरा नीट दिसत नाही. आपल्यासमोर असते ती तिची पाठ, आणि ती पाठ अवघ्या एका रेषेनं पेलली आहे. मेरी कसॅट या अमेरिकन चित्रकर्तीनं १८९०-९१मध्ये फ्रान्समध्ये केलेल्या दहा रंगीत मुद्राचित्रांपैकी हे एक. त्या शतकातल्या ड्रायपॉइंटमध्ये मला या पाठीइतकी धीट रेषा क्वचित दिसते.

ड्रायपॉइंटमध्ये आम्ल नसतं. सुईनं थेट तांब्याच्या पत्र्यावर ओरखडायचं. सुई जाते तिथे कडेला धातूचं बारीक कुसळ उभं राहतं, त्यात शाई अडकते आणि रेषा मखमलीसारखी उठते. पण प्रत्येक छापागणिक ते कुसळ प्रेसखाली दबत जातं. त्यामुळे सुरुवातीचे छाप कुणाच्या हाती लागले, यावर संग्राहकांची सगळी भिस्त असते.

१८९०च्या वसंतात पॅरिसच्या एकोल दे बोझार्मध्ये जपानी चित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं. कसॅट ते पाहून भारावली. मात्र जपान्यांसारखे लाकडी ठसे न कोरता तिनं रेषेसाठी ड्रायपॉइंट आणि रंगांसाठी अ‍ॅक्वाटिंट हे आम्लाचं तंत्र घेतलं. मुद्रक लरुआ सोबतीला होता. पत्र्यावर रंग हातानं भरायचे, म्हणून दोघं दिवसभर राबले तरी आठ-दहाच छाप निघत. प्रत्येक चित्राच्या आवृत्तीत फक्त २५ प्रती. छापावर पेन्सिलीनं स्वतःच्या नावाबरोबर तिनं लरुआचंही नाव लिहिलं. मुद्रकाला असा मान देणारे चित्रकार तेव्हा किती होते?

एप्रिल १८९१मध्ये ही मालिका चित्रविक्रेता द्युराँ-र्‍युएलच्या दालनात लागली. मुद्राचित्रकारांच्या संस्थेनं आपल्या नावात ‘फ्रेंच’ शब्द घालून परदेशात जन्मलेल्यांना बाहेर ठेवलं होतं. मग कसॅट आणि डॅनिश वेस्ट इंडीजमध्ये जन्मलेला चित्रकार पिसारो यांनी संस्थेच्या प्रदर्शनाशेजारच्याच खोल्यांत आपली चित्रं मांडली. पिसारोनं मुलाला लिहिलेल्या पत्रात तिच्या रंगांची मनापासून वाखाणणी केली. १८९३मध्ये पॅरिसला आणि १८९५मध्ये न्यू यॉर्कला तिची मोठी प्रदर्शनं झाली.

खरे जाणकार अमेरिकेत निघाले. सॅम्युअल एव्हरीनं जमवलेली तिची मुद्राचित्रं १९००मध्ये त्याच्या प्रचंड संग्रहाबरोबर न्यू यॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाला मिळाली. पॉल सॅक्सनं १९१६मध्ये दहा चित्रांचा संच मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिला. शिकागोला रायरसनकडून संच गेला. १९४८मध्ये अ‍ॅडलिन ब्रीस्किननं कसॅटच्या मुद्राचित्रांची सूची प्रसिद्ध केली आणि कुठला छाप पत्र्याच्या कितव्या अवस्थेतला, हे पडताळण्याची सोय झाली.

ती पारख आधी हाती असती, तर १९२३चं दुःख कदाचित टळलं असतं. त्या वर्षी कसॅटच्या घरात जुने ड्रायपॉइंटचे पत्रे सापडले. हे कधी छापलेच नव्हते, असं तिला वाटलं. दलात्रच्या छापखान्यात छाप काढून तिनं न्यू यॉर्कला पाठवले. मेट्रोपॉलिटनच्या मुद्राचित्र विभागाचे विल्यम आयव्हिन्स आणि कसॅटची जन्माची मैत्रीण लुईझीन हॅवमायर यांनी कळवलं, की पत्रे आधी छापून झिजलेले आहेत. कसॅट संतापली. आपल्या प्रामाणिकपणावर शंका घेतली, असं तिनं मनाला लावून घेतलं.

मोतीबिंदूनं तिची दृष्टी जवळपास गेली होती. ज्या डोळ्यांनी ती पाठ एका ओघात ओढली, त्यांना कुसळ दबलेली रेषा ओळखू आली नाही. ती १९२६मध्ये वारली. तोवर लुईझीनशी तुटलेली मैत्री काही पुन्हा जुळली नाही.