भोंगा ऐकू येत नाही, त्यांचे काय?

आग लागली की भोंगा वाजतो, कुणीतरी "पळा, पळा" ओरडते आणि माणसे जिन्याकडे धावतात. आपली सारी सुरक्षा अशी कानांवर उभी आहे. कर्णबधिर कामगाराला मात्र इतरांची धावपळ दिसली तरच धोका कळतो. तो स्वच्छतागृहात, गोदामात किंवा रात्रपाळीला एकटा असेल, तर तेही दिसत नाही.

प्रथमोपचार शिकवायला जातो तेव्हा आम्ही विचारतो, "कर्णबधिर सहकाऱ्याला कसे कळवाल?" उत्तर बहुधा एकच मिळते : "शेजारचा सांगेल." शेजारच्याने सांगावेच, पण तो रजेवर असला तर? म्हणून प्रत्येक पाळीत दोन जोडीदार नेमा, आणि ते कोण असावेत हे त्या कामगारालाच ठरवू द्या.

पण जोडीदार सगळीकडे सोबत नसतो. म्हणून भोंग्यासोबत लुकलुकणारे दिवे हवेत, स्वच्छतागृहात आणि गोदामातही. ते फार वेगाने लुकलुकू नयेत. फेफरे येणाऱ्या काहींना त्याचा त्रास होतो. जिथे दिवा दिसणार नाही, तिथे अंगावर बाळगायचे थरथरणारे यंत्र द्यावे. केवळ मोबाइलच्या संदेशावर विसंबू नका. कित्येक ठिकाणी कामाच्या वेळी मोबाइल जमा करून घेतात.

'आग', 'बाहेर चला', 'कुठे दुखते?' एवढ्या खुणा सर्वांनीच शिकाव्यात, आणि त्या कर्णबधिर सहकाऱ्याकडूनच शिकाव्यात. वीज गेली तर विजेरीचा झोत त्याच्या डोळ्यांवर नको, आपल्या हातांवर आणि चेहऱ्यावर धरा. सरावाच्या दिवशी त्याला आधीच बाहेर नेऊन उभे करू नका. आपली व्यवस्था चालते की नाही, ते त्याच दिवशी कळते.

तो जखमी झाला, तर दवाखान्यातल्या आमच्या भगिनींनाही एक सांगणे आहे. त्याचे दोन्ही हात अडकवू नका. सलाइन शक्यतो तो कमी वापरतो त्या हाताला लावा. खुणांनी बोलणाऱ्याचे हात बांधले, की त्याचे बोलणेच थांबते. मास्कमुळे ओठही वाचता येत नाहीत. लिहून किंवा चित्र दाखवून विचारा.

ही कुणाची मेहेरबानी नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २० नुसार दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी योग्य त्या सोयी करणे सरकारी आस्थापनांवर बंधनकारक आहे. कलम २१ नुसार प्रत्येक आस्थापनेने समान संधीचे धोरण जाहीर करायचे असते. आपल्या कामाच्या ठिकाणी ते धोरण मागून वाचा, आणि भोंग्यासोबत दिवा कधी लागणार, हे लेखी विचारा.